'वाकू नका' या दोन शब्दांची सहा वर्षं: एका कंबरदुखीची केस

नाव-गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय, बाकी केस जशी घडली तशी लिहितेय, माझ्या चुकांसकट. मी फिजिओथेरपिस्ट, पेन क्लिनिकमध्ये काम करते, एक डॉक्टर, एक समुपदेशक आणि मी असे तिघं मिळून पेशंट बघतो.

ताई ४४ वर्षांच्या. घरी शिलाईचं काम. कंबर सहा वर्षं दुखतेय. आल्या तेव्हा कंबरेला बेल्ट होता, वेल्क्रो पार गेलेलं म्हणून वरून सेफ्टी पिना लावलेल्या, आणि हातात एमआरआयची फाईल, दोन वेगवेगळ्या वर्षांची. बसायच्या आधी फाईल माझ्यासमोर ठेवली आणि रिपोर्ट तोंडपाठ म्हणून दाखवला, एल फोर फाइव्हला, म्हणजे कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या गादीला (डिस्कला), बल्ज म्हणजे फुगवटा आहे, झीज आहे, गॅप कमी झालाय, नस दबतेय. "माझी गादी सरकलीय मॅडम, मणका झिजून गेलाय." सोबत नवरा. तो खुर्ची ओढून देत होता, पिशवी धरत होता, मी काही विचारलं की तिच्याआधी उत्तर देत होता. वाईट माणूस नव्हे, उलट जरा जास्तच चांगला, ते पुढे येईलच.

डॉक्टरांनी आधी धोक्याच्या खुणा बघून घेतल्या, म्हणजे लघवी-शौचावरचा ताबा, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, वजन अचानक कमी होणं, ताप, पूर्वी कधी कॅन्सर, पायातली ताकद कमी होत जाणं. यातलं काही नव्हतं. रिफ्लेक्स नीट, पायाची ताकद नीट. हे आधी यासाठी सांगतेय की 'वेदना समजावून सांगणं' हा भाग याच्यानंतर येतो, याच्याऐवजी येत नाही. तीन महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं ते जुनाट दुखणं, इथे तर सहा वर्षं झालेली.

आता घरचं चित्र. ताई सहा वर्षं वाकलेल्या नाहीत. अक्षरशः. खाली पडलेल्या टाचण्या उचलायला त्यांनी एका दोरीला लोहचुंबक बांधला होता, खुर्चीत बसूनच तो दोरीने खाली सोडायचा, फिरवायचा, आणि टाचण्या चिकटल्या की वर ओढायचा. मला दाखवायला आणला होता तो. कपड्याचे तुकडे, धागे वगैरे मुलगा संध्याकाळी गोळा करायचा. पाण्याची बादली नवरा उचलायचा. ज्या दिवशी कंबर जरा बरी असेल त्या दिवशी साचलेलं सगळं काम उरकायचं म्हणून मशीनवर तीन-तीन तास बसायच्या, मग ठणका सुरू व्हायचा आणि पुढचे तीन-चार दिवस आडवं. मग परत बरा दिवस, परत तीन तास. दुखायला लागलं की गोळी, रोजच्या दोन तरी. हळूहळू मोठ्या ऑर्डरी सोडून दिल्या, मग मधल्या, मी भेटले तेव्हा फक्त फॉल-पट्टी, चेन बदलणं असलं किरकोळ काम उरलं होतं.

पुस्तकी भाषेत याला भीती आणि टाळणं यांचं चक्र म्हणतात, व्लायेन आणि लिंटन या संशोधकांनी २००० साली हे मॉडेल नीट मांडलं. दुखतं, दुखण्याचा अर्थ 'काहीतरी तुटतंय' असा लावला जातो, म्हणून हालचाल टाळली जाते, टाळल्यामुळे स्नायूंची ताकद आणि सवय दोन्ही जातात, मग थोड्या हालचालीनेही दुखतं, आणि बघा मी म्हटलं नव्हतं का, असं होऊन भीती अजून पक्की. टँपा स्केल म्हणून १७ प्रश्नांचा एक फॉर्म असतो, हालचालीची भीती मोजायला, गुण १७ ते ६८, आणि ३७ च्या वर गेले की भीती जास्त धरतात. ताईंचे ४८ आले.

आता माझी चूक.

पहिल्या सेशनला मी पंचवीस मिनिटं बोलले. छान बोलले असं मला वाटत होतं. चित्रं काढली, मेंदू काढला, मणक्यातली नस काढली, १९६५ साली मेलझॅक आणि वॉल या संशोधकांनी गेट कंट्रोलची थिअरी मांडली तिथपासून सुरू केलं, म्हणजे मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं आणि वेदनेचे संदेश किती पुढे जाऊ द्यायचे हे तिथे कमी-जास्त होतं, मग मज्जासंस्था संवेदनशील कशी होते, म्हणजे 'सेंट्रल सेन्सिटायझेशन', ते सांगितलं, मग एमआरआयबद्दल सांगितलं. एमआरआयची माहिती खरंच कामाची आहे म्हणून इथेही देते. २०१५ मध्ये एक मोठा आढावा आला, ज्यांना पाठ-कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या स्कॅनचा. त्यात चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांच्या डिस्कमध्ये झीज आणि ५० टक्के लोकांच्या डिस्कला बल्ज निघाला. काही दुखत नसताना. म्हणजे ताईंच्या रिपोर्टमधला बराचसा मजकूर त्यांच्या वयाच्या न दुखणाऱ्या निम्म्या लोकांच्या रिपोर्टमध्येही सापडला असता.

ताई मान डोलवत होत्या. मी खूश. मग शेवटी, सवय म्हणून, टीच-बॅक केलं, म्हणजे आपण सांगितलेलं पेशंटला त्याच्या शब्दांत परत सांगायला लावायचं, परीक्षा म्हणून नाही तर आपण नीट सांगितलं का ते तपासायला. म्हटलं, "ताई, घरी गेल्यावर नणंदेने विचारलं मॅडम काय म्हणाल्या, तर काय सांगाल?"

ताई थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, "सांगेन की मॅडम म्हणतात मणक्यात काही नाही, सगळं मनाचं आहे."

नवऱ्याने खिडकीकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे त्याने घरी कधीतरी म्हटलेलं असणार किंवा कुणीतरी म्हणताना ऐकलेलं असणार. आणि मी पंचवीस मिनिटं घालवून तेच वाक्य त्या बाईच्या डोक्यात अजून पक्कं करून पाठवत होते. वर जाताना नऊ व्यायामांचा छापील कागदही दिला. नऊ!

त्या दुसऱ्या वेळी आल्या हेच खूप झालं. व्यायाम दोन दिवस केले होते, मग कंबर धरली, मग कागद फाईलमध्ये, एमआरआयच्या मागे.

या वेळी मी बोललेच नाही, विचारलं. "ताई, तुम्ही खाली वाकलात तर नेमकं काय होईल असं तुम्हाला वाटतं?" साधा प्रश्न. सहा वर्षांत इतके डॉक्टर, इतक्या तपासण्या, पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता असं त्या म्हणाल्या, आणि मीही पहिल्या वेळी विचारला नव्हताच. उत्तर आलं ते असं: "गादी बाहेर येईल. आणि पाय जातील. कायमचे." हे कुठून आलं? सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा उसण भरली, कापडाचा गठ्ठा उचलताना, तेव्हा एका डॉक्टरांनी गडबडीत सांगितलं होतं, वाकू नका, जड उचलू नका. बहुतेक पहिल्या थोड्या दिवसांसाठीच म्हणाले असतील. पण किती दिवस ते सांगितलं नाही. गोळीच्या पाकिटावर तारीख असते, सल्ल्यावर कुणी लिहीत नाही, आणि ताईंनी तो सल्ला सहा वर्षं इमानेइतबारे पाळला. पेशंट ऐकत नाहीत अशी तक्रार आपण सारखी करतो, इथे पेशंटने जरा जास्तच ऐकलं होतं.

मग वेदनेचं बोलणं परत काढलं, पण त्यांच्या बाजूने. आधी एवढंच सांगितलं की दुखणं खरं आहे, मनाचं नाही, खोटं नाही. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली त्यात हे स्पष्ट लिहिलंय की माणूस दुखतंय म्हणाला की ते मानायचं, आणि हेही की वेदना म्हणजे नसांनी पाठवलेला संदेश एवढंच नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. हे ऐकून ताईंचे खांदे जरा खाली आले. मग मी उदाहरण शोधत होते, मेंदूचं चित्र नको होतं आता, तर त्याच म्हणाल्या, "माझ्या जुन्या मशीनच्या पायडलसारखं का? नुसता पाय टेकला तरी भरधाव सुटायचं ते. मशीन चांगलं, सुई चांगली, पायडलच तेवढं नादान झालेलं."

मी म्हटलं हो, अगदी तसंच. इतकं नेमकं मला पंचवीस मिनिटांत जमलं नव्हतं. बल्ज असेल, झीज असेल, पण थोड्या दाबाने इतकी कळ निघते ती बऱ्याच अंशी पायडल संवेदनशील झाल्यामुळे. आणि पायडल परत ताळ्यावर येतं ते मशीन झाकून ठेवून नाही, हळू हळू चालवून. यापुढे आमच्या केसमध्ये 'सेंट्रल सेन्सिटायझेशन' हा शब्द परत आला नाही, 'पायडल' एवढंच.

पण माहिती कळली म्हणून माणूस वाकतो असं नाही. नुसत्या समजावण्याने दुखण्यात फार फरक पडत नाही, हालचालीची जोड मिळाली तर पडतो, अभ्यासांतूनही साधारण हेच दिसतं. तेव्हा तिसऱ्या भेटीत आम्ही एक प्रयोग केला. टेबलावरून धाग्याचं रीळ मुद्दाम खाली टाकलं. आधी ताईंना विचारलं, हे वाकून उचललं तर काहीतरी तुटेल अशी खात्री शंभरात किती? ८०. आत्ता दुखणं दहात किती? ५. उचलल्यावर किती होईल? ९. हे सगळं त्यांच्याच हाताने लिहून घेतलं. मग नवऱ्याला बाहेर बसवलं, कारण तो अर्धा उठलाच होता रीळ उचलायला.

ताईंनी श्वास धरला, पाठ फळीसारखी ताठ केली, टेबलाला हात धरला आणि गुडघ्यातून अशा काही खाली गेल्या की मलाच दुखायला लागलं. रीळ उचललं. दुखणं ६. दहा मिनिटांनी परत ५. मी विचारलं, गादी आली का बाहेर? पहिल्यांदा हसल्या. मग परत टाकलं रीळ, या वेळी श्वास सोडत, पाठ थोडी गोल होऊ देत. पाचव्या वेळी टेबलाचा हात सुटला. खात्रीचा आकडा ८० वरून ४५ वर आला, शून्यावर नाही, आणि मी तो शून्यावर आणायचा प्रयत्नही केला नाही. घरचा अभ्यास एकच, रोज संध्याकाळी मशीनखालचे दहा धागे स्वतः उचलायचे. चुंबक माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून घेतला, त्यांनीच दिला.

चालणं आणि दोन व्यायाम, बस, नऊ नाहीत. ते करायचं का आणि जमेल का हे दोन वेगळे प्रश्न असतात म्हणून दोन्ही वेगवेगळे विचारले, दहात किती महत्त्वाचं वाटतं, आणि दहात किती जमेल असं वाटतं. महत्त्व ९, जमण्याची खात्री ३. इथे आपल्याला वाटतं की अजून महत्त्व पटवून द्यावं, पण ते तर ९ आहेच, घोडं अडलंय ते दुसऱ्या आकड्यापाशी. मग विचारायचं ते उलटं, "तीन का, एक का नाही?" म्हणजे माणूस स्वतःच्या तोंडाने जमण्याची कारणं शोधतो. ताई म्हणाल्या, "कारण त्या दिवशी पाच वेळा वाकले आणि मेले नाही."

मशीनवरच्या कामाचं वेगळं गणित केलं. तीन साध्या दिवशी, म्हणजे फार बरा नाही आणि फार वाईट नाही अशा, दुखणं वाढायला लागेपर्यंत किती मिनिटं बसता येतं ते लिहायला सांगितलं. २२, १५, २०. सरासरी १९, त्याच्या ८० टक्के म्हणजे साधारण १५. तेव्हा पंधरा मिनिटं झाली की उठायचं, दुखत असो वा नसो, पाच मिनिटं फिरायचं, परत बसायचं. दुखलं की थांबायचं हा नियम वाटतो बरोबर, पण त्यात लगाम दुखण्याच्या हातात जातो, आणि बरं वाटलं की माणूस तीन तास बसतो. घड्याळाच्या हातात लगाम दिला की दोन्ही टोकं सुटतात. आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवायची, बऱ्या दिवशीही त्याहून जास्त नाही.

मोबाईलचा टायमर लावायचं ठरलं आणि तो पहिल्याच आठवड्यात फसला. टायमर वाजला की त्या बंद करून "एवढी टीप मारते" म्हणत पुढे चालू. मी नवीन अ‍ॅप सुचवणार होते, पण ताईच म्हणाल्या की बॉबिन, म्हणजे मशीनच्या खालच्या धाग्याची छोटी रिळी, संपली की टीप पडायची आपोआपच थांबते, मग बॉबिन अर्धीच भरली तर? अर्धी बॉबिन त्यांच्या हाताला साधारण पंधरा मिनिटं पुरते. ती संपली की दुसरी आणायला कपाटापर्यंत जायचं, भरलेल्या बॉबिन मुद्दाम लांब ठेवायच्या. हे चाललं. दीड महिन्यात अर्धीची पाऊण झाली.

गोळ्यांचं डॉक्टरांनी बघितलं. रोजच्या वेदनाशामक गोळ्यांनी पोट आणि किडनीला त्रास होऊ शकतो म्हणून आधी रक्त तपासून घेतलं, ते ठीक निघालं, मग दुखल्यावर गोळी हे बंद करून ठराविक वेळेला गोळी, आणि मग हळूहळू कमी. त्यात सांगण्यासारखं नाट्य नाही. बेल्टबद्दल मी काही बोलले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात बेल्ट आणि ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणं) रोजच्या उपचारात नकोत असं सांगितलंय, आणि माहिती देणं, व्यायाम यांना पाठिंबा दिलाय. पण सहा वर्षांचा बेल्ट एका वाक्यात काढून घेतला तर त्याच्या जागी काय बांधणार? म्हटलं जेव्हा नको वाटेल तेव्हा काढा. घरात पहिल्यांदा एक तास काढला, मग दुपारभर.

नवऱ्याला मी चौथ्या भेटीत नीट बोलावलं, खरं तर पहिल्याच भेटीत बोलवायला हवं होतं. "अगं राहू दे, कंबर धरेल तुझी" हे वाक्य तो दिवसातून किती वेळा म्हणतो ते एक दिवस मोजायला सांगितलं. १७ वेळा म्हणून सांगत आला, स्वतःच चकित झालेला. आपण सांगतो वाक, आणि घरातला प्रेमाचा माणूस दिवसातून १७ वेळा सांगतो वाकू नको, मग जिंकणार कोण. त्याला 'करू नका' सांगून भागणार नव्हतं, काळजी करायची सवय जाणार कुठे, म्हणून त्याला दुसरं काम दिलं, संध्याकाळी सोबत चालायचं आणि चालताना कंबरेचं विचारायचं नाही. पहिल्या आठवड्यात म्हणे दोघं न बोलता चालले, कारण दुसरं काय बोलायचं ते सुचेना.

नवव्या आठवड्यात घसरलं. मोठी पडद्यांची ऑर्डर, सहा वर्षांत पहिल्यांदा घेतलेली, आणि धागा बारीक होता. बारीक धागा बॉबिनमध्ये जास्त मावतो, बॉबिन संपेना, ताई पन्नास-पन्नास मिनिटं बसत राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी कंबर अशी धरली की उठता येईना. आल्या त्या बेल्ट बांधून, सेफ्टी पिनांसकट. नणंद सोबत, तिचं म्हणणं सरळ होतं, नवीन एमआरआय करा, काहीतरी वाढलं असणार. माझ्या जिभेवर "सांगितलं होतं ना" आलं होतं, गिळलं. डॉक्टरांनी पायाची ताकद, लघवी वगैरे परत तपासलं, नवीन काही नव्हतं, स्कॅनची गरज नाही म्हणाले. नणंदेला ते पटलं नाही, आणि तिला पटवायच्या भानगडीत मी पडले नाही. ताईंना एवढंच विचारलं, नणंदबाईंना काय झालंय ते तुम्हीच सांगाल का?

"पायडल परत लागलंय," ताई म्हणाल्या. "धागा बारीक होता, माझं लक्ष गेलं नाही."

इथे मला कळलं की समजावण्याचं काम झालं. पहिल्या सेशनच्या शेवटी नाही, नवव्या आठवड्यात, कंबर धरलेली असताना. मग कंबर परत धरली तर काय करायचं ते त्यांनी आपल्या अक्षरात लिहिलं आणि मशीनच्या झाकणाला आतून चिकटवलं: काम शून्य नाही, निम्मं, दोन दिवस. चालणं चालूच, कमी. पाय लुळा वाटला किंवा लघवीचं काही झालं तर लगेच डॉक्टर. आणि शेवटची ओळ, 'धागा बघ'. पूर्वी अशी कंबर धरली की बारा-पंधरा दिवस जायचे, या वेळी पाचव्या दिवशी मशीनवर होत्या, पाव बॉबिनने सुरुवात.

सहा महिन्यांनी काय हाती लागलं ते लिहिते. सरासरी दुखणं दहात ७ होतं ते ५ झालं. म्हणजे गेलं नाही, आणि जाईल असं मी त्यांना कधी सांगितलंही नव्हतं. गोळ्या रोजच्या दोनवरून महिन्याला चार-पाच. चालणं आठ मिनिटांवरून पस्तीस. मधल्या ऑर्डरी परत घेतात, मोठ्या अजून निवडून. झोप मात्र फारशी सुधारली नाही, कूस बदलताना अजून जाग येते, त्यावर समुपदेशकांसोबत आता काम चालू केलंय, ते आधीच करायला हवं होतं का, बहुतेक हो. बेल्ट प्रवासात बांधतात. नवरा बादली उचलायला अजून पुढे येतो पण विचारतो तरी.

शेवटच्या भेटीत टँपाचा फॉर्म परत भरून घेतला. प्रत्येक वाक्याला एक ते चार, अजिबात पटत नाही ते पूर्ण पटतं. ताई भराभर खुणा करत गेल्या आणि 'दुखतंय म्हणजे शरीराला इजा झालीय' अशा अर्थाच्या वाक्यापाशी थांबल्या. दोनवर खूण केली, खोडली, तीनवर केली, परत खोडली. "मॅडम, दिवसा दोन आहे, रात्री तीन. कुठलं लिहू?" मी म्हटलं दोन्ही लिहा. फॉर्ममध्ये तशी जागा नसते, म्हणून केस पेपरवर लिहिलंय, ३४ किंवा ३५.